येता येता परत जाणारं वॉशिंग मशीन

माझ्यासारखी बुद्धी शंभर वर्षांतून एकदा जन्माला येते आणि या खेपेला ती नववी 'ब'च्या खिडकीजवळच्या बाकावर येऊन बसली आहे. हे मी स्वतःच सांगते आहे, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून बरीच वाट पाहिली. माझी नजर घारीची आहे, कान मांजरीचे आहेत, नाकाबद्दल घरात मतभेद आहेत. माणूस दारातून आत आला की नुसत्या चपलांवरून तो कुठून आला ते मी ओळखते. परवा बाबा आत आले तेव्हा मी डोळे बारीक करून म्हणाले, "तुम्ही ऑफिसातून आलात." बाबा रोजच ऑफिसातून येतात, असं काही क्षुद्र लोक म्हणतील. पण सांगितलं कोणी? मी.

क्षुद्र लोकांत पहिला नंबर माझ्या धाकट्या बहिणीचा. ती माझी सहायक आहे. ही नेमणूक तिला न विचारता झाली. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती आणि नाही म्हणणाऱ्या माणसाला कामावर ठेवणं बरं दिसत नाही. तिला घरात धाकटी म्हणतात आणि मला भिंग म्हणतात, कारण आजोबांचं पेपर वाचायचं भिंग बहुतेक वेळ माझ्या खिशात असतं. त्यामुळे आजोबा हल्ली फक्त मथळे वाचतात. जगाची काळजी त्यांना भरपूर वाटते, पण नेमकी कशाची ते सांगता येत नाही.

तर प्रकरण वॉशिंग मशीनचं.

आमचं जुनं मशीन एक दिवस कपडे पिळता पिळता बाथरूममधून निघालं, पॅसेजमध्ये चालत आलं आणि चपलांच्या कपाटाला धडकून कायमचं थांबलं. दुरुस्तीवाल्यानं मागची पाटी उघडली, आत डोकावला आणि काही न बोलता पाटी परत लावली. डॉक्टर चादर ओढतात ना, तशी.

एरवी यात रहस्य नव्हतं. पण हे सगळं आईच्या उजव्या मनगटावर आलं.

माझी आई शिवणकाम करते. आमची पुढची खोली म्हणजे तिचं कापायचं टेबल आणि उरलेल्या जागेत आम्ही. आजवर ती दुसऱ्याच्या दुकानासाठी शिवायची. झगा तिचा, गळ्यामागची नावाची चिठ्ठी दुकानाची. आता पहिल्यांदाच तिला तिच्या स्वतःच्या नावावर मोठं काम मिळालं होतं. बाजाराजवळचं छोटं नाट्यगृह नव्यानं उघडणार होतं आणि त्याचा मुख्य पडदा आई शिवणार होती. गडद लाल मखमल, इतकी की गठ्ठा वर चढवताना बाबा जिन्यात दोनदा बसले. आणि नेमकं तेव्हाच आईचं मनगट सुजलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "कात्री चालवा, शिवा, हरकत नाही. पण पिळायचं काही नाही. रुमालसुद्धा नाही. आणखी सूज आली तर हात पट्टीत जाईल आणि मग पडदाही नाही आणि काही नाही."

म्हणून नवीन मशीन त्याच संध्याकाळी मागवलं. ते येईपर्यंत कपडे बाबांनी धुवायचे ठरलं. बाबा कपडे धुतात म्हणजे कपड्यांची पाण्याशी ओळख करून देतात. पिळणं हा प्रकार त्यांना हिंसक वाटतो. दोरीवरून दिवसभर पाणी ठिबकत राहायचं, खालच्या बाल्कनीतून आवाज यायचे आणि शेवटी आईला ते बघवायचं नाही. आमची पाठ वळली की ती उठून दोन कपडे पिळून टाकायची. म्हणजे मशीन जितकं लांबणार, तितका तो हात जाणार, आणि हात गेला की पडदा गेला. हिशोब सरळ होता.

मशीन मात्र येईना. मशीनऐवजी निरोप यायचे. आईच्या फोनवर टिंग वाजायचं आणि तिथे लिहिलेलं असायचं, 'आपल्या विनंतीनुसार घरपोच सेवेची वेळ बदलण्यात आली आहे.'

"आपली विनंती?" आई जेवताना म्हणाली. "कोणी केली?"

बाबांनी पाण्याचा पेला उचलून त्यात पाहिलं. आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं. धाकटीनं टेबलाखाली पाहिलं. मी तिघांचेही चेहरे भिंगाशिवाय, पण अत्यंत बारकाईनं तपासले. निष्पाप माणसाच्या चेहऱ्यावर जो एक गोंधळ असतो, तो तिघांवरही स्पष्ट होता.

"आपण विनंती केलेली नाही," मी उभी राहून म्हणाले. "आणि विनंती तर झालेली आहे. याचा अर्थ एकच. कोणीतरी आपण असल्याचं सोंग करतंय."

"भात घे," आई म्हणाली.

मी भात घेतला आणि तपासही हाती घेतला. पहिलं पाऊल म्हणून बाल्कनीत जाऊन कंपनीला फोन लावला आणि जाड आवाजात कडक तक्रार नोंदवली. अशा लोकांना सुरुवातीलाच दम दिलेला बरा असतो.

पहिला संशयित मला दुसऱ्या दिवशी शाळेतून येतानाच सापडला. तळमजल्यावर शिट्टीकाका राहतात. ते शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नाही. त्यांच्या दाराबाहेरच्या कचऱ्यात थर्मोकोलचे मोठे मोठे कोपरे पडले होते आणि आतून घर्र घर्र आवाज येत होता.

"ऐकलंस?" मी धाकटीला म्हणाले. "ड्रम फिरतोय. आपलं मशीन यांनी खालच्या खाली अडवलं."

"हा आवाज आपलं जुनं मशीन चालू होतं तेव्हापासून येतोय," धाकटी म्हणाली.

"म्हणजे कट जुना आहे."

मी बेल दाबली. शिट्टीकाकांनी दार उघडलं.

"काका, तुमच्याकडे नवीन काही आलंय का?" मी अगदी सहज विचारलं.

"आलंय ना. गुडघेदुखी."

"वस्तू, काका. मोठी. खोक्यातून येते तशी."

"मग ये की आत, दाखवतो."

गुन्हेगार इतक्या पटकन कबूल झाला की मला थोडं वाईटच वाटलं. आतल्या खोलीत नवा टीव्ही होता, थर्मोकोल त्याचं, आणि त्याच्यासमोर जुनी व्यायामाची सायकल. एका जागी उभी, चाक एकच, घर्र घर्र तिचंच. मी काही म्हणायच्या आत काकांनी मला सीटवर बसवलं आणि शिट्टी फुंकली.

"पाय चालू दे. पाठ सरळ."

"काका, आमचं मशीन येणार होतं त्या दुपारी," मी पायडल मारत विचारलं, "तुम्ही... कुठे..."

"दम कमी पडतोय तुझा. बोलू नको."

"तुम्ही... होतात?"

"या सायकलवर. आणि मी तुझ्या दुप्पट वेगानं चालवत होतो. चल, अजून एक फेरी."

धाकटी सोफ्यावर बसून काकूंनी दिलेली बिस्किटं खात होती. जिना चढताना तिनं निकाल दिला, "संशयित निर्दोष. तपास अधिकारी लाल."

पण मी खचणारी नव्हे. मी पायऱ्यांवर बसले, श्वास परत मिळवला आणि मूळ प्रश्नाकडे वळले. मशीन न येण्यात फायदा कोणाचा? आमचे कपडे घरात धुतले गेले नाहीत तर ते कुठे जाणार? कोपऱ्यावरच्या लाँड्रीत. सगळं इतकं लख्ख दिसायला लागलं की मला स्वतःचीच थोडी भीती वाटली.

लाँड्रीवाल्या मावशी इस्त्री करत होत्या. मी काउंटरवर कोपर टेकवलं. काउंटर ओला होता, पण मी हलले नाही.

"मावशी, आमचं नवीन मशीन येत नाहीये."

"मग?"

"त्यामागे तुमचा हात आहे का?"

"माझे दोन्ही हात इथे आहेत. दिसत नाहीत?" मावशींनी इस्त्री आपटली. "आणि तुमच्या घरून माझ्याकडे काय काय येतं, ठाऊक आहे? काल तुझे बाबा एक सदरा घेऊन आले. एकच. तोही ओला. मला म्हणतात, जरा पिळून द्याल का, मला धीर होत नाही."

धाकटी हसायला लागली. मी तिला डोळ्यांनी दटावलं.

"अशी चार घरं गिऱ्हाईक म्हणून मिळाली तर मी दुकानाला कुलूप लावीन," मावशी म्हणाल्या. "तुमचं मशीन यावं म्हणून तुमच्याहून जास्त मीच वाट बघतेय. आई कशी आहे तुझी?"

"बरी आहे," मी म्हणाले.

परतताना धाकटी बराच वेळ गप्प होती. ती गप्प असली की मला बरं वाटतं, पण या वेळी वाटलं नाही.

"बरी नाहीये," ती म्हणाली. "आज सकाळी ती कात्री डाव्या हातात धरून बघत होती. मी आत गेले तेव्हा पटकन ठेवून दिली."

मी वेग वाढवला, एवढंच.

शनिवारी दुपारी मी पाळत ठेवली. शाळा नव्हती. आमची बाल्कनी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथून अख्खी गल्ली दिसते. मी गळ्यात दुर्बीण, खिशात भिंग आणि हातात फोन अशा पूर्ण तयारीत स्टुलावर उभी होते. धाकटी स्टूल धरून होती. घरात शांतता होती. बाबा आतल्या खोलीचं दार लावून हळू आवाजात ऑफिसशी बोलत होते. सुट्टीच्या दिवशी. बिचारे किती काम करतात. आजोबा बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडून कोणाशी तरी मोठ्यानं बोलत होते. वय झालं की माणूस स्वतःशी बोलतो. धाकटी मधूनच एका हातानं बाबांच्या जुन्या मोबाइलवर काहीतरी टिकटिक करत होती. गेम.

मीही रिकामी बसले नव्हते. मी कंपनीला रोजचा फोन लावला होता आणि कानाशी संगीत ऐकत होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो वळला.

"आला," मी म्हणाले.

टेम्पो आमच्याच दारासमोर थांबला. ड्रायव्हर उतरला. त्यानं मान वर करून इमारत पाहिली, मागची दोरी सोडली, फळका पाडला. आत उभा खोका होता आणि त्यावर गोल काचेच्या दाराचं चित्र होतं. दुर्बिणीतून ते दार माझ्या नाकाला लागेल इतकं जवळ आलं.

नेमका त्याच क्षणी फोन उचलला गेला. नशीब असं आहे बघा.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?" पलीकडून एक ताई म्हणाल्या.

मी आवाज खाली उतरवला. "मी वरून बोलते आहे."

"वरून म्हणजे, मॅडम?"

"वरून म्हणजे वरून. हे मशीन घेऊन कोण कुठे फिरतंय, याची पूर्ण चौकशी झाल्याशिवाय ते एक पाऊलही पुढे सरकता कामा नये. समजलं?"

"समजलं, मॅडम. थांबवते."

मी फोन ठेवला. खाली ड्रायव्हरचा फोन वाजला. त्यानं ऐकलं. खोक्याकडे पाहिलं. इमारतीकडे पाहिलं. मग फळका वर केला, दोरी बांधली, मान हलवत गाडीत बसला आणि टेम्पो मागे मागे घेत गल्लीबाहेर निघून गेला.

"पाहिलंस?" मी स्टुलावरून उडी मारली. "दारात आलेलं मशीन परत गेलं. कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून होतं. अगदी जवळून. मी फोनवर नसते तर पाठलाग केला असता."

धाकटी टेम्पो गेला त्या दिशेला पाहत होती. मग तिनं माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"ताई, तू आत्ता त्यांना नक्की काय सांगितलंस?"

"गोपनीय आहे."

"बरं," धाकटी म्हणाली आणि का कोण जाणे, आपला मोबाइल तिनं पाठीमागे लपवला.

संध्याकाळी मी माझा नवा सिद्धांत मांडणार होते. कंपनीच्या आतच एक फितूर माणूस आहे, असा तो होता. मी गळा साफ केला होता. पण बाथरूममधून पाण्याचा आवाज आला, मग बादली आपटल्याचा, आणि मग कसलाच नाही. आई बाहेर आली. तिनं पलंगावरची मोठी चादर एकटीनं पिळायला घेतली होती आणि अर्ध्यातच बादलीत सोडून दिली होती. मनगट टम्म फुगलं होतं आणि त्यावरची कातडी चकचकीत झाली होती.

ती टेबलाशी गेली. कात्री उचलली, मखमलीवर टेकवली आणि खाली ठेवली. परत उचलली. परत ठेवली.

"उद्या दुपारी नाट्यगृहाच्या मॅनेजरना सांगून टाकते," ती म्हणाली. "दुसरीकडे बघा म्हणून. अजून त्यांना वेळ आहे."

दूध संपलंय, हे ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात तिनं हे सांगितलं. आणि एका हातानं मखमल गुंडाळायला लागली. एका हातानं ती नीट गुंडाळली जात नव्हती. एका बाजूनं सावरली की दुसऱ्या बाजूनं टेबलावरून घसरायची. आम्ही चौघं दारात उभे होतो आणि माझ्या डोक्यात एकही सिद्धांत नव्हता. सिद्धांत नसला की तिथे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. काहीच नसतं.

"आणि ते मशीनही नको आता," आईनं फोन उचलला. "रद्दच करते."

"मी करतो फोन," बाबा म्हणाले.

"तू थांब, मी करतो," आजोबा म्हणाले.

"मी करते," मी म्हणाले.

"ॲपवरून पण करता येतं," धाकटी म्हणाली.

आई आमच्याकडे बघत राहिली. "का? मी केला तर काय होतं? इतक्या दिवसांत मी एकदाही केला नाही. म्हटलं, तुम्ही आहात ना." तिनं नंबर लावला आणि हात दुखत होता म्हणून फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज मोठा केला. ऑर्डरचा नंबर सांगितला.

"अय्या, तुम्ही का," फोनवरच्या ताई म्हणाल्या. आवाज दुपारचाच होता. "तुमच्याकडून आता कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? ऑर्डर माझ्याच नावावर आहे."

"हो, पण तुमचा आवाज नवीन आहे. नाहीतर साहेब बोलतात. त्यांना संध्याकाळ हवी असते. त्यांनी संध्याकाळ केली की आजोबा फोन करतात, त्यांना सकाळ हवी असते. ते फार मोठ्यानं बोलतात, मागे धबधबा असतो. मग मोबाइलवरून कोणीतरी रोज रविवार टाकतं. आणि एवढं सगळं जुळवून गाडी निघाली की त्या वरून बोलणाऱ्या मॅडमचा फोन येतो."

"कुठून वरून?"

"ते त्या सांगत नाहीत. पण त्यांची तक्रार आली की चौकशी होईपर्यंत आम्हाला गाडी थांबवावी लागते, तसा नियमच आहे. आमचा ड्रायव्हर तर आज तुमच्या दारातून परत आला हो. आल्यावर विचारत होता, त्या घरात माणसं आहेत तरी किती."

आईनं मान वळवून आम्हाला एकेकाला पाहिलं.

"चार," ती फोनमध्ये म्हणाली. "आणि मी."

मखमलीचं टोक टेबलावरून घसरून खाली पडलं, तेवढाच आवाज.

"खोका चढवताना आपटतात गं ते लोक," बाबा अखेर म्हणाले. "मी घरी असलो तर धरता येईल, म्हणून संध्याकाळ."

"दुपारी मी झोपतो," आजोबा म्हणाले. "मला बेल ऐकू येत नाही. मग दार उघडायला काम टाकून तुलाच उठावं लागलं असतं. म्हणून सकाळ."

"तुम्ही सगळे दारात भांडत बसला असता," धाकटी म्हणाली. "शाळा नसताना आलं तर मी त्यांना सरळ बाथरूम दाखवलं असतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी तपास करत होते," मी म्हणाले. माझा आवाज या वेळी आपोआपच खाली गेला.

आमच्या घरात सांगितलेलं काम कोणी करत नाही. न सांगितलेलं काम मात्र सगळे गुपचूप करतात, आणि प्रत्येकाला वाटत असतं की आपण नसतो तर या घराचं काही खरं नव्हतं.

आई हसली नाही. रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं सुजलेलं मनगट मांडीवर घेतलं आणि ताईंना म्हणाली, "रद्द करू नका. तुमची सगळ्यात पहिली वेळ कोणती आहे?"

"उद्या सकाळी देते, रविवारची गाडी आहे. पण आता एकही बदल आला तर पुन्हा रांगेत मागे जाईल."

"येणार नाही. या घरातून कोणाचाही फोन आला तरी ऐकू नका. अगदी माझा आवाज काढून आला तरी."

"आणि वरच्या मॅडम?"

"त्यांना मी बघते."

त्या रात्री आमचे सगळे फोन आईच्या चिंध्यांच्या पिशवीत गेले आणि पिशवी तिच्या खुर्चीच्या पाठीला लटकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं घर म्हणजे परीक्षेच्या आधीचा वर्ग झाला होता. आई टेबलाशी हात शेकत बसली होती. मॅनेजरना दुपारी काय सांगायचं, ते मशीनवर अवलंबून होतं. मशीन टेम्पोवर अवलंबून होतं. आणि टेम्पो दिसत नव्हता.

"मी जरा खाली जाऊन दूध आणतो," बाबा म्हणाले.

"दूध आहे."

"मग दही आणतो." आणि ते गेलेसुद्धा.

"माझे पाय आखडलेत," आजोबा म्हणाले. "चार पावलं टाकून येतो." तेही गेले.

मी पाच मिनिटं तग धरला. माझ्यासारख्या माणसाला नुसतं बसून राहणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही. मन म्हणत होतं, एकच फोन. बदल नाही करायचा, तक्रारही नाही. फक्त 'निघालात का' एवढं विचारायचं. मी व्यायामाचं निमित्त करून खाली शिट्टीकाकांकडे गेले. काकांकडे फोन असतो.

आत आजोबा सायकलवर बसून पायडल मारत होते. बाबा शेजारी उभे होते. काकांच्या एका हातात त्यांचा फोन होता आणि दुसऱ्या हातात शिट्टी.

"तू पण?" बाबा मला म्हणाले.

"मी व्यायामाला आलेय."

"आम्हीही."

"फोन एकच आहे," शिट्टीकाका म्हणाले. "एकेकानं करा. आधी वडीलधारे."

आजोबांनी सायकलवरूनच हात पुढे केला. तेवढ्यात दारातून धाकटीचा आवाज आला. ती माझ्या मागोमाग आली होती, एका पायात तिची आणि एका पायात माझी चप्पल घालून.

"काका, फोन देऊ नका. आई म्हणाली."

काकांनी असली कडक शिट्टी फुंकली की आजोबांचे पाय जागच्या जागी थांबले. फोन खिशात गेला. "आई म्हणाली म्हणजे खेळ संपला," काका म्हणाले.

आणि बाहेर गाडीचा आवाज झाला.

आम्ही चौघं धावत बाहेर गेलो. टेम्पो उभा होता. ड्रायव्हर खाली उतरून, फोन हातात धरून, त्याच्याकडे टक लावून पाहत होता.

"वाजत नाहीये," तो म्हणाला. "अख्ख्या रस्त्यात एकदाही वाजला नाही. म्हटलं, घरी सगळं बरं आहे ना?"

"आधी डावी बाजू उतरवा," बाबा म्हणाले.

"हळू रे, हळू," आजोबा म्हणाले.

"ओळखपत्र दाखवा," मी म्हणाले.

ड्रायव्हरनं फळक्यावरचा हात काढून घेतला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, हा आता पुन्हा गाडीत बसतो. धाकटीनं मुकाट्यानं गाडीची किल्ली त्याच्या हातातून घेतली आणि मुठीत धरली.

वरून आई म्हणाली, "तुम्ही वर या. तिसरा मजला. त्यांचं काही ऐकू नका."

ड्रायव्हरनं बाल्कनीकडे पाहिलं. "वरून बोलणाऱ्या मॅडम त्याच का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "ती ही." आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

मशीन वर आलं. ड्रायव्हरनं आणि गाडीतून उतरलेल्या त्याच्या जोडीदारानं ते पट्ट्यांवर उचललं, कुठे आपटलं नाही, कुठे अडकलं नाही. बाथरूममध्ये गेलं, नळाला नळी लागली आणि काचेच्या आत एक दिवा लागला. आजोबा त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले. ड्रायव्हर जाताना म्हणाला, "आतल्या पट्ट्या काढायला आणि चालू करून द्यायला आमचा माणूस संध्याकाळी येईल. त्याच्या आधी चालवू नका. वेळ बदलायची असेल तर..." आणि स्वतःच थांबला. "नाही, काही नाही," म्हणाला आणि जिना उतरला.

आईनं पिशवीतून आपला फोन काढून मॅनेजरना लावला. आम्ही चौघं दाराआड उभे होतो.

"हो, पडदा होईल," ती म्हणाली. "हो, मीच शिवतेय. नाही, दुसरं कोणी बघू नका."

मग तिनं मखमल पुन्हा उलगडली. दुखरा हात मांडीवर ठेवला, डाव्या हातात खडू घेतला. कात्री मनगटाची सूज उतरल्यावर, तोपर्यंत खुणा करून ठेवते, म्हणाली. आणि मान खाली घातली ती घातलीच.

राहिली बादलीतली चादर. संध्याकाळपर्यंत ती आमची होती. बाबांनी एक टोक धरलं, मी दुसरं. आजोबा मध्ये उभं राहून देखरेख करत होते. धाकटी बादली धरून होती. आम्ही पिळायला सुरुवात केली. चादर गोल गोल फिरली, पाण्याचा एक थेंब पडला नाही. मी बाबांची चूक ओळखली.

"बाबा, तुम्ही मी फिरवते तिकडेच फिरवताय. उलटं फिरवा."

बाबांनी उलटं फिरवलं. पण त्यांना जमणार नाही असं धरून मीही उलटं फिरवलं. चादर तितक्याच आनंदानं दुसऱ्या बाजूला फिरली.

"मी सांगतो," आजोबा म्हणाले आणि त्यांनी मधूनच धरून तिसरीकडे फिरवायला घेतलं.

"एकानं नुसतं धरा," आतून आई म्हणाली. तिनं वर पाहिलंही नव्हतं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. धरायचं कोणालाच नव्हतं. बाबांना पिळायचं होतं, आजोबांना दाखवायचं होतं आणि मी तर मीच आहे. आत मखमलीवर खडू सावकाश सरकत होता.

मी धरलं. फिरवलं नाही, सुचवलं नाही, फक्त दोन्ही मुठी आवळून उभी राहिले. बाबांनी डोळे मिटून धीर केला आणि पिळलं. बादलीत एकदम एवढं पाणी पडलं की धाकटीच्या दोन्ही चपला भिजल्या, तिचीही आणि माझीही.

"लागला तपास," ती म्हणाली.